आवळलेल्या मुठीची निगा

वाचकाचं पत्र:

ताई, माझी पत्नी ६३ वर्षांची आहे. चौदा महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तिला सगळं कळतं असं वाटतं, पण शब्द फुटत नाही. सुरुवातीचे तीन-चार महिने फिजिओथेरपी झाली, मग ती हळूहळू बंद पडली. आता उजवा हात कोपरात दुमडून छातीशी आला आहे आणि मूठ घट्ट मिटली आहे, अंगठा आत अडकलाय. उजवा गुडघा सरळ होत नाही, आणि हल्ली डावाही सरळ करताना ओढ लागते. तिला बरं वाटावं म्हणून मी गुडघ्यांखाली कायम उशी ठेवतो. महिनाभरापासून मुठीला वास येतो. रोज सकाळी मी जोर लावून बोटं उघडतो आणि हात पुसतो. ती रडते, तोंड फिरवते. परवा तळहातात नख रुतल्याची खूण दिसली. मेहुणे म्हणतात, रोज ताणलंच पाहिजे, नाहीतर हात कायमचा जाईल. मुठीत धरायला त्यांनी रबरी चेंडूही दिलाय. तिला असं रडवणं माझ्याच्याने होत नाही आणि सोडूनही देववत नाही. गेल्या आठ दिवसांत पाय जास्तच आवळलेत, रात्री झटके येतात, लघवीलाही वास येतोय. हे सगळं माझ्या हयगयीमुळे झालं का? मी काय करू?

उत्तर:

दादा,

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण ती गोष्ट थांबणारी नाही. आठ दिवसांत पाय अचानक जास्त आवळले, रात्रीचे झटके वाढले आणि लघवीला वास येतोय. हे तिन्ही एकत्र आलं की पहिला संशय मूत्रमार्गाच्या संसर्गाचा घ्यायचा. मेंदूला इजा झाल्यावर स्नायूंवरचा लगाम सुटलेला असतो. अशा शरीरात कुठेही काही दुखलं, खुपलं, तुंबलं, की स्नायू आणखी आवळतात. कारण लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतं, चार दिवस शौचाला न होणं असू शकतं, पायाच्या अंगठ्याचं मांसात रुतलेलं नख किंवा मांडीत काचणारी डायपरची कडही असू शकते. बोलता येणाऱ्या माणसाने ‘इथे दुखतंय’ म्हटलं असतं. वहिनी पाय आवळून तेच सांगताहेत.

तेव्हा उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा आणि लघवीची तपासणी करून घ्या. फोन करण्याआधी वहिनींना डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघा. शेवटचं शौच कधी झालं ते आठवा, पायांची नखं बघा, माकडहाड, खुबे आणि टाचांवरची कातडी बघा, एका पोटरीला दुसरीपेक्षा जास्त सूज नाही ना ते बघा. हे सगळं डॉक्टरांना सांगा. ताप चढला, गुंगी आली, खाणं-पिणं सुटलं, लघवी अडली किंवा एकच पाय सुजून गरम लागला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. आणखी एक: आखडणं कमी व्हावं म्हणून त्यांना बॅक्लोफेनसारखी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ती अचानक थांबवली तर भास होणं, फिट येणं इथपर्यंत मजल जाऊ शकते.

आता मुठीकडे येऊ. उद्यापासून जोर लावणं बंद. मेहुण्यांना माझं नाव सांगा हवं तर, पण बंद म्हणजे बंद.

असं का म्हणते ते सांगते. वहिनींच्या हातात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली स्पॅस्टिसिटी, म्हणजे मेंदूकडून चुकीचा निरोप येत राहिल्यामुळे स्नायू सतत आवळलेला राहणं. तिचा स्वभाव असा, की झटकन ओढलं तर ती दुप्पट जोराने आवळते आणि सावकाश गेलं तर थोडी सैल पडते. दुसरी गोष्ट म्हणजे कॉन्ट्रॅक्चर. स्नायू महिनोन्‌महिने आखूड स्थितीत राहिला की तो खरोखरच आखूड होतो, सांध्याभोवतीचं आवरण आणि कातडीसुद्धा त्या मापाची होऊन बसते. तिथे कितीही सावकाश जा, एका जागी येऊन हात अडतोच. रोज सकाळी तुम्ही जोर लावता तेव्हा पहिली गोष्ट चवताळते आणि दुसरी तसूभरही हलत नाही. मधल्यामध्ये वहिनींना वेदना होतात, आणि वेदनेमुळे हात पुन्हा आवळतो.

ताणण्याबद्दल मेहुण्यांचं मत आहे तसं कित्येक वर्षं आम्हा नर्सेसचं आणि थेरपिस्टांचंही होतं. पुढे ते तपासलं गेलं. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेने २०१७ मध्ये ४९ अभ्यास आणि दोन हजारांवर रुग्ण एकत्र करून पाहिले. मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या आजारांत, सात महिन्यांपेक्षा कमी काळ केलेल्या ताणण्याने सांध्याच्या हालचालीत रोजच्या जगण्यात जाणवेल असा फरक पडत नाही, असं त्यातून निघालं. यात ताणण्याच्या पट्ट्या आणि स्प्लिंट, म्हणजे सांधा एका स्थितीत धरून ठेवणारे आधार, हेही आले. याचा अर्थ हात सोडून द्यायचा असा अजिबात नाही. इतकाच अर्थ, की रोजच्या त्या पाच मिनिटांच्या रडारडीतून मूठ उघडणार नव्हतीच. ते ओझं तुम्ही खाली ठेवा.

आणि जोर लावण्यात खरा धोका आहे. ज्या हाता-पायावर वर्षभर भार पडलेला नाही, त्याचं हाड विरळ झालेलं असतं. आखडलेला गुडघा सरळ करायच्या नादात किंवा डायपर बदलताना पाय फाकवण्याच्या नादात मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडल्याची उदाहरणं अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या शुश्रूषेत नवी नाहीत. कुठे पडणं नाही, मार नाही, नुसतं ओढणं. म्हणून कुठल्याही सांध्याभोवती अचानक सूज आली, काळंनिळं झालं, पायाचा आकार वेगळा दिसू लागला किंवा हलवताना रोजच्यापेक्षा वेगळंच विव्हळणं ऐकू आलं, तर तो अवयव आहे तसा आधार देऊन ठेवायचा आणि एक्स-रे काढून घ्यायचा.

तर मग करायचं काय? माझ्या मते तुमचं रोजचं काम बदलायचं. मूठ किती उघडली हे मोजायचं सोडा. तळहात स्वच्छ आहे का, कोरडा आहे का, आणि वहिनींना दुखलं का, ही तीन मापं धरा. त्यासाठी बोटं पूर्ण सरळ व्हायची गरज नसते. आत एक पातळ कापड सरकलं तरी काम होतं.

मी नवीन नर्स होते तेव्हा वॉर्डात एका आजींची मूठ उघडायला बोटांची टोकं धरून ओढत होते. आजी कळवळल्या. आमच्या मोठ्या सिस्टर आल्या, मला काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी माझाच हात हातात घेतला. तुम्हीही आत्ता करून बघा. आपली बोटं सैल सोडा आणि दुसऱ्या हाताने मनगट मागे, वरच्या बाजूला न्या. बोटं आपोआप मिटायला लागतील. आता मनगट खाली, तळहाताच्या बाजूला वाकवा. बोटं आपोआप सुटतील. बोटं मिटणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध, मनगटावरून जातात. मनगट वाकलं की त्यांना ढील मिळते. आवळलेल्या हातातही हेच चालतं, थोडं कमी, पण चालतं. त्या दिवसापासून मी कुणाची मूठ टोकाकडून उघडली नाही.

वहिनींना हे कसं करायचं ते सविस्तर सांगते. आधी त्यांच्याशी बोला. झटका डाव्या मेंदूला आला की बोलणं जातं, पण समजणं पुष्कळदा बरंच शिल्लक असतं, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की त्यांना कळतं. त्यांचा डावा हात चांगला आहे ना? मग एक खूण ठरवा. त्यांनी डावा हात उचलला की तुम्ही थांबायचं, आणि खरंच थांबायचं, ‘झालंच, एक मिनिट’ म्हणायचं नाही. पहिल्या आठवड्यात कदाचित चार-चार वेळा हात वर जाईल. जाऊ दे. तुम्ही थांबता हे एकदा पटलं की अंग सैल पडायला लागतं.

पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या. ते स्वतःच्या कोपराने तपासा, त्यांच्या उजव्या हाताने नको. त्या हाताला गरम-गार नीट कळत असेल याची खात्री नाही. कोपर आणि हाताचा पुढचा भाग उशीवर टेकवून मूठ पाण्यात पाच-दहा मिनिटं राहू द्या. मग मनगट हळूच खाली वाकवा आणि तसंच धरून ठेवा. आता अंगठा. तो आत अडकलाय, पण त्याच्या टोकाला हात लावायचा नाही. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो आपल्या पंजात धरून बाहेरच्या बाजूला अलगद न्या आणि थांबा. मनात तीसपर्यंत मोजा. ती ढील आली की करंगळीच्या बाजूने आपलं बोट आत सरकवा. त्या बाजूला जागा मिळणं बहुधा सोपं जातं. तिथून ओलं मऊ कापड आत घाला. जागा फारच कमी असेल तर गेजची लांब पट्टी भिजवून एका बाजूने आत सारा, दुसऱ्या बाजूने बाहेर घ्या आणि दोन्ही टोकं धरून हळूहळू इकडून तिकडे फिरवा. साबण सौम्य आणि थोडाच, तो साध्या पाण्याच्या दुसऱ्या पट्टीने पूर्ण निघाला पाहिजे. मग कोरडी पट्टी, तशीच फिरवून. बोटांच्या बेचक्या विसरू नका, वास बहुतेक तिथूनच येतो.

कोरडं करण्याला धुण्याइतकाच वेळ द्या. बंद मुठीत घाम साठतो, कातडी पांढरी पडून फुगते, तिच्यावर बुरशी वाढते आणि मग तिथे चीर पडते. पावडर घालू नका, ओलाव्यात तिचे गोळे होतात आणि टोचतात. मुठीत तेल सोडणंही नको. कातडी पांढरट, लाल, सोललेली दिसली किंवा पाच-सहा दिवस रोज धुऊनही वास गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवून बुरशीवरचं मलम घ्यावं लागेल.

नखाच्या खुणेबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी जरा वेळ थांबले. मी अशी मूठ पाहिली आहे जिच्यात नख तळहातात रुतून त्याच्याभोवती मांस वाढलं होतं आणि वरून स्वच्छ पट्टी बांधलेली होती. कित्येक दिवस कुणी ती सोडून बघितली नव्हती. तुम्ही बघितलंत, वेळेवर बघितलंत. हात भिजल्यावर नखं मऊ होतात, तेव्हाच ती घ्या. कात्रीपेक्षा घासायची पट्टी बरी. मूठ अचानक आवळली तरी पट्टीने इजा होत नाही. आठवड्यातून दोनदा थोडं थोडं घासा. जखम उघडी असेल, त्यातून पू किंवा रक्त येत असेल किंवा आजूबाजूला लाली पसरत असेल, तर ती नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा. वहिनींना मधुमेह असेल तर अगदी साधी वाटली तरी दाखवा.

रबरी चेंडू काढून टाका. टणक, लवचिक वस्तू हातात आली की आवळलेला हात तिला आणखी दाबतो आणि रबराखाली घाम अडकतो. त्याऐवजी मऊ गेजची किंवा सुती कापडाची सैल वळकटी ठेवा. ती इतकी जाड असावी की नखं तळहाताला टेकणार नाहीत, आणि इतकी बारीक की घालताना झटापट करावी लागणार नाही. ओली झाली की लगेच बदला. तळहात वाचवणाऱ्या तयार मऊ गाद्याही मिळतात, फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट माप घेऊन देतील. त्यांनी स्प्लिंट दिलं तर पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला आणि काढून कातडी बघा. स्प्लिंटने उठलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ते तसंच पुन्हा घालू नका, त्यांना दाखवून दुरुस्त करून घ्या.

काखेचं आणि कोपराच्या वळीचंही असंच असतं, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. हात वर उचलून काख धुवायला जाऊ नका. अर्धांगवायूतला खांदा फार नाजूक असतो, त्याला सांभाळणारे स्नायूच लुळे पडलेले असतात. वहिनींना आधार देऊन बसवा आणि पुढे वाका म्हणा, किंवा तुम्हीच त्यांना छातीशी धरून थोडं पुढे झुकवा. हात आपल्या वजनाने अंगापासून सुटतो आणि काखेत कापड फिरवण्यापुरती जागा होते. अंथरुणात सरकवताना काखेत हात घालून किंवा त्या हाताला धरून कधीही ओढू नका. अंगाखाली आडवी दुमडलेली चादर ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवा. तुमची कंबरही वाचेल, आणि तुमची कंबर धरली तर या घरात काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको. कपडे घालताना आधी दुखरा हात, काढताना तो सर्वांत शेवटी. पुढून पूर्ण उघडणारे कपडे असले की हा प्रश्न निम्मा सुटतो.

आता ती उशी. तुम्ही ती मायेने ठेवलीत आणि सगळेच ठेवतात, कारण गुडघे दुमडले की लगेच आराम वाटतो. पण दिवसरात्र तसं राहिलं की गुडघ्यामागचे आणि जांघेतले स्नायू त्याच मापाचे होतात. डावा गुडघा तर लकव्याचा नाही. तो उशीमुळे आणि पडून राहण्यामुळे आखडू लागलाय असं मला वाटतं, आणि म्हणूनच तो अजून हातचा गेलेला नाही. डाव्या गुडघ्याखालची उशी काढा. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा वहिनींना तो पाय स्वतः लांब करायला सांगा. त्यांनी स्वतः केलेली हालचाल आपण करून दिलेल्या हालचालीपेक्षा कितीतरी मोलाची.

उजव्या गुडघ्याचा हिशेब वेगळा. तो आधीच अडलाय, त्याच्याखालची उशी नुसती काढून घेतली तर पाय अधांतरी लोंबेल, झटके वाढतील आणि सगळा भार टाचेवर येईल. तेव्हा गुडघ्याच्या खोबणीत गोल उशी कोंबण्याऐवजी मांडीपासून पोटरीपर्यंत लांब, चपटा आधार द्या. जेवढी पोकळी आहे तेवढीच भरा, गुडघा आणखी वर उचलू नका. टाच उशीच्या पुढे मोकळी राहिली पाहिजे, कशालाही न टेकता. टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे किंवा गोल चकतीसारख्या रिंगा ठेवू नका. रिंगेच्या कडेवर दाब येऊन मधल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. पांघरूण पायांच्या बोटांवर ताणून खोचू नका. त्या ओझ्याने पावलं खाली झुकतात आणि घोटे तसेच धरतात.

गुडघे आखडलेल्या माणसाचे बेडसोअर नेहमीच्या जागी होतातच, शिवाय अनपेक्षित जागीही होतात. दोन गुडघे एकमेकांवर घासतात तिथे, घोट्याच्या आतल्या हाडावर, कोपर छातीला टेकतं तिथे. गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मध्ये उशी हवीच. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं करू नका. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांवर तिरकं ठेवा, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर न येता कुल्ल्याच्या मांसल भागावर येतो. उजव्या कुशीवर असताना उजवा खांदा अंगाखाली चिरडला जात नाही ना ते बघा. दर दोन तासांनी वळवण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. गादी चांगली असेल आणि कातडी टिकत असेल तर डॉक्टर-नर्सशी बोलून रात्री हे अंतर वाढवता येतं, म्हणजे तुम्हालाही सलग झोप मिळेल. हवेची गादी असली तरी वळवणं सुटत नाही.

लाल डाग दिसला तर त्यावर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्तप्रवाह ठीक आहे. फिका पडलाच नाही तर जखमेची सुरुवात झाली, त्या जागेवर भार बंद करायचा आणि कळवायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे डोळ्यांवर विसंबू नका. हाताच्या पाठीने चाचपा. आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा लिबलिबीत लागली, रंग जरा जांभळट वाटला, तर तीच खूण समजा. आणि अशा जागेवर मालीश करायचं नाही. रक्त फिरावं म्हणून लोक चोळतात, पण आतल्या दुखावलेल्या पेशी त्याने आणखी फाटतात.

मांड्या जवळ आवळलेल्या असताना स्वच्छता करणं सगळ्यांत अवघड जातं, आणि पतीने पत्नीसाठी ते करायचं तर दोघांनाही संकोच असतो. पाय ओढून फाकवू नका. त्यांना कुशीवर घ्या, दोन्ही गुडघे मिळून पोटाकडे थोडे आणखी दुमडा आणि मागच्या बाजूने साफ करा. दुमडल्यावर मांड्यांचा आवळ बहुतेक सैल पडतो. पुसताना नेहमी पुढून मागे, म्हणजे शौचाचे जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. बाकी अंग झाकलेलं ठेवा. काय करणार ते आधी सांगा. त्यांना बोलता येत नाही म्हणून आपणही मुकाट्याने काम उरकतो, ही सवय आम्हा नर्सेसनाही लागते आणि ती वाईट आहे.

वेदना ओळखायला शिका. श्वास जड किंवा भरभर होणं, कण्हणं, कपाळाला आठी, दात-ओठ आवळणं, हात झिडकारणं, समजूत घालूनही शांत न होणं, या सगळ्या खुणा आहेत. हात धुण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. सकाळी उठल्या उठल्या अंग ताठ असतं, म्हणून आंघोळीनंतरची वेळ घ्या. सकाळीच सगळं झालं पाहिजे असा नियम नाही.

फिजिओथेरपी पुन्हा सुरू करा, पण उद्देश बदलून. फिजिओथेरपिस्टना म्हणा, ‘डावा पाय वाचवायचाय, बिछान्यातून खुर्चीत कसं बसवायचं ते शिकायचंय आणि आधाराने उभं करता येईल का ते बघायचंय.’ त्याचबरोबर न्यूरोलॉजिस्ट किंवा पुनर्वसन वैद्यकातल्या डॉक्टरांकडे एकदा मुठीसाठी म्हणून खास वेळ घ्या. हाताच्या आणि बोटांच्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात. त्याने आवळ साधारण तीन-चार महिने कमी होतो आणि हात धुणं फार सोपं जातं. आखूड झालेला स्नायू त्याने लांब होत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही. तेवढ्याने भागलं नाही तर छोट्या शस्त्रक्रियेने स्नायूबंध सैल करता येतात. हात कामाचा व्हावा म्हणून नव्हे, तर तो धुता यावा आणि दुखू नये, एवढ्यासाठीही ही शस्त्रक्रिया करतात. ‘आता काय उपयोग’ असं कुणी म्हटलं तर नख रुतल्याचं सांगा आणि फोटो दाखवा.

तुम्ही विचारलंत, माझ्या हयगयीमुळे झालं का. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयात झटका आलेल्या दोनशे रुग्णांवर सहा महिने लक्ष ठेवलं होतं. २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५२ टक्के लोकांचा एखादा तरी सांधा आखडला होता. ज्यांची ताकद जास्त गेली त्यांचे सांधे जास्त आखडले. वहिनींची पूर्ण बाजू गेली होती. उशीची चूक झाली, ती तुम्हाला कुणी सांगितली नाही आणि आता ती सुधारता येते. मुठीचं कारण मेंदूतला तो झटका आहे. तुम्ही ती रोज उघडून बघत होतात म्हणूनच वास आणि नख दोन्ही लक्षात आलं.

पहिले दोन दिवस फक्त भिजवणं आणि मनगट वाकवणं एवढंच करा, आत कापड नाही गेलं तरी चालेल. वहिनींचा डावा हात त्या पाण्यात घेऊन त्यांनाच उजव्या मुठीवर पाणी घालू द्या. लघवीचा रिपोर्ट काय आला ते मला दोन ओळींत कळवा, आणि डाव्या गुडघ्याचंही.

तुमची,
सिस्टर